संकटाच्या आधीची तयारी : ख्रिस्ती कुटुंबांसाठी मार्गदर्शन

माझ्या पतींना मेंदूत रक्तस्राव झाला त्या रात्री मी रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर पहाटेपर्यंत बसून होते. पिशवीत पवित्र शास्त्र होते, मोबाईलमध्येही होते, पण मला एक ओळ वाचता येत नव्हती. अक्षरे दिसत होती, अर्थ लागत नव्हता. तोंडी येत होते ते फक्त स्तोत्र 121, आणि तेही पहिल्या चार वचनांपर्यंत, कारण लहानपणी शब्बाथ शाळेत (मंडळीच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात) बाईंनी ते आमच्याकडून घोकून घेतले होते. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही, इथपर्यंत मी येई, पुढचे आठवेना, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. किती वेळा म्हटले ते मोजले नाही. माझे पती त्यानंतर चौदा महिने जगले. त्या चौदा महिन्यांत मला जे उमगले त्यातले बरेचसे मी आधी शिकू शकले असते, ही खंत मनात आहे आणि म्हणून हे लिहीत आहे.

ज्यांचे नुकतेच लग्न झाले आहे, ज्यांनी नुकताच बाप्तिस्मा घेतला आहे किंवा ज्यांच्या घरात अजून मोठे आजारपण, मृत्यू, नोकरी जाणे असे काही घडलेले नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढले, त्यामुळे माझे शब्द त्या घरचे आहेत. कॅथलिक वाचकांनी जिथे मी ‘पाळक’ म्हणते तिथे आपल्या धर्मगुरूंना धरावे. यातला एकही टप्पा अवघड नाही, मात्र प्रत्येकाला वेळ लागतो आणि संकट तो वेळ देत नाही.

जवळ काय हवे

छापील, मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकाची एक प्रत. एक साधी वही. जुन्या कॅलेंडरची कोरी मागची पाने आणि जाड पेन. सहा माणसांची नावे व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद (मोबाईलमध्ये नव्हे, कागदावरच, कारण त्या रात्री माझा मोबाईल दीड वाजता बंद पडला). आणि सहाव्या टप्प्यात सांगितलेल्या कागदपत्रांची एक फाईल. याहून अधिक काही लागत नाही.

1. संकटाविषयी आपण काय मानतो ते आधी तपासा

बहुतेकांनी ही तपासणी कधी केलेलीच नसते. ‘देवाची भक्ती नीट केली तर घरावर काही येणार नाही’ हे वाक्य कोणी मोठ्याने बोलत नाही, पण मनाच्या तळाशी ते असते आणि संकट आले की तेच प्रथम टोचू लागते. मत्तय 7 च्या शेवटी खडकावरच्या आणि वाळूवरच्या घरांची गोष्ट आहे. ती सावकाश वाचली तर ध्यानात येते की पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर सारखेच आले. ख्रिस्ताने खडकावरच्या माणसालाही कोरड्या हवेचे वचन दिलेले नाही.

दुसरा प्रश्न पापाचा. आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘काहीतरी चुकले असेल, कबूल करा’ असे सांगणारे लोक प्रत्येक मंडळीत भेटतात. आमच्याकडेही एक गृहस्थ दुसऱ्याच आठवड्यात आले होते. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांविषयी येशूने विचारले आहे की ते यरुशलेमेतील इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हांला वाटते काय, आणि त्याचे उत्तर स्वतःच ‘नाही’ असे दिले आहे. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला तेव्हाही त्याने त्या माणसाला किंवा त्याच्या आईबापांना दोषी धरले नाही. हे दोन उतारे आणि ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय, ज्यात परमेश्वर ईयोबावर नव्हे तर त्याच्या मित्रांवर रागावतो, एवढे घरात सर्वांनी मिळून वाचा आणि पाळकांना घरी बोलावून मनातले सगळे प्रश्न विचारा. शांत दिवसांत विचारलेला प्रश्न चर्चेचा असतो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी तोच प्रश्न माणसाला मोडून टाकतो.

सावध राहा : ‘औषधे बंद करा, हाच खरा विश्वास’ असे सांगणाऱ्याला घरात थारा देऊ नका. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडीलजनांना (जबाबदार ज्येष्ठांना) बोलावून तेल लावण्यास व प्रार्थना करण्यास सांगितले आहे; वैद्य सोडण्यास कुठेही सांगितलेले नाही.

2. रोजची वेळ ठरवा आणि ती लहान ठेवा

दानीएलाच्या पुस्तकातला सहावा अध्याय आपण सिंहांसाठी लक्षात ठेवतो. माझ्या मते त्यातले दहावे वचन अधिक मोलाचे आहे : प्रार्थनेवर बंदी घालणारा हुकूम निघाल्याचे कळल्यावर दानीएल घरी गेला आणि पूर्वी करीत असे त्याचप्रमाणे दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. ‘पूर्वी करीत असे’ या शब्दांत सगळी तयारी आली. हुकूम निघाल्यावर त्याला नवे काही सुरू करावे लागले नाही.

नवशिक्यांची चूक अशी होते की ते पहाटे पाचला उठून तासभर बसण्याचा निश्चय करतात, आठ दिवस तो पाळतात आणि मग लाजेने सगळेच सोडतात. त्याऐवजी दहा मिनिटे ठरवा, पण वेळ आणि जागा एकच ठेवा. सकाळचा चहा गाळून झाला की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, किंवा रात्री मुले झोपली की. एक स्तोत्र वाचावे, दोन मिनिटे गप्प राहावे, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावे घ्यावीत, प्रभूची प्रार्थना म्हणावी. मन लागो अथवा न लागो. ज्या दिवशी मन लागत नाही त्या दिवसाचा उपयोगच पुढे अधिक होतो, कारण संकटात मन लागत नाही तेव्हाही बसण्याची सवय आपल्याला झालेली असते.

3. पाठ करा

साऱ्या टप्प्यांपैकी एकच करायला सवड असेल तर हाच करा.

सुरुवातीला पाच उतारे पुरेत. स्तोत्र 23 (सहा वचने), स्तोत्र 121 (आठ वचने), स्तोत्र 13 (सहा वचने), स्तोत्र 130 (आठ वचने) आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाची शेवटची दोन वचने. महिन्याला एक धरला तर पाच महिन्यांत होतात. पद्धत अशी : कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पूर्ण उतारा हाताने मोठ्या अक्षरांत लिहावा, ओट्यासमोरच्या भिंतीवर चिकटवावा आणि भाकरी थापताना, भांडी घासताना मोठ्याने म्हणावा. मनातल्या मनात म्हणू नये. ओठांना सवय व्हावी लागते. चार दिवसांत एक वचन पक्के झाले की पुढचे धरावे, पण रोज पहिल्यापासून म्हणावे. माझ्या भिंतीवरच्या स्तोत्र 130 च्या कागदावर फोडणीचे तेल उडून ‘खोल स्थळांतून’ हे शब्द जवळजवळ पुसले गेले, तरी तो कागद मी काढलेला नाही.

एक अडचण आधीच सांगते. मराठीत पवित्र शास्त्राची एकाहून अधिक भाषांतरे आहेत आणि मोबाईलवर मिळणारे भाषांतर घरातल्या छापील प्रतीपेक्षा वेगळे असू शकते. मुलाने एक पाठ केले आणि आईने दुसरे, तर दोघांना एकत्र म्हणता येत नाही, प्रत्येक ओळीला अडखळायला होते. घरात कोणते भाषांतर म्हणायचे ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि शक्यतो मंडळीत जे वाचले जाते तेच ठरवा.

वचनांइतकीच गीतेही पाठ असावीत. उपासना संगीतात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी गीते आहेत, आणि अभंगाच्या चालीवर म्हटलेले शब्द नुसत्या वाचलेल्या शब्दांपेक्षा खोल रुजतात. याचा पुरावा मी पाहिला आहे. रक्तस्राव डाव्या बाजूला झाल्यामुळे माझ्या पतींची वाचा गेली होती. पाणी हवे असले तरी त्यांना ‘पाणी’ म्हणता येत नसे. सातव्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांच्या खाटेशेजारी बसून मी गीत गुणगुणत होते, आणि ध्रुवपदाला त्यांनी सूर लावला. शब्द स्पष्ट होते. डॉक्टरांनी नंतर सांगितले की काही रुग्णांत बोलणे जाते आणि गाणे राहते. गीत आधी पाठ नसते तर राहिले नसते. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही तीन गीते म्हणत असू, आणि दिवसभरात त्यांचा आवाज घरात ऐकू येई तो तेवढाच.

4. गाऱ्हाणे करायला शिका

स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाण्याची आहेत. आपल्या उपासनांत मात्र स्तुतीची स्तोत्रे अधिक वाचली जातात, त्यामुळे देवाजवळ तक्रार करणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असा समज घट्ट झाला आहे. ‘विश्वासणाऱ्याने रडू नये’ हे वाक्य मी माझ्या सासूबाईंच्या अंत्यविधीत ऐकले होते आणि ते खरे मानून पुढे स्वतःच्या दुःखात पहिले दोन महिने डोळ्यांतून पाणी येऊ दिले नाही. त्याचा परिणाम असा झाला की मी प्रार्थनाच करेनाशी झाले. जे खरे वाटत होते ते बोलायचे नाही आणि जे बोलायचे ते खरे वाटत नाही, मग बोलायचे तरी काय?

स्तोत्र 13 ही गाऱ्हाण्याची सर्वांत सोपी शाळा आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा आला आहे. पुढच्या दोन वचनांत मागणे आहे : पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश दे. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आहे. हाच क्रम धरून वहीत स्वतःचे गाऱ्हाणे लिहा; आज मोठे दुःख नसेल तर लहान घ्या, भावाशी तुटलेले बोलणे, न मिळालेली नोकरी, घरभाड्याची चिंता. आधी देवाला हाक, मग जे सलते ते स्पष्ट शब्दांत, मग नेमके काय हवे ते, आणि शेवटी त्याच्याविषयी आजवर जे अनुभवले त्यातली एक गोष्ट. भरवशाची ओळ मनापासून येत नसेल तर ती लिहू नका. स्तोत्र 88 भरवशाच्या ओळीशिवाय, अंधार या शब्दावरच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ख्रिस्ताने वधस्तंभावर म्हटले ते ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ हेही स्तोत्र 22 चे पहिले वचन आहे. त्या घटकेला त्यानेही पाठ असलेल्या गाऱ्हाण्याचाच आधार घेतला.

मंडळीबरोबर गाऱ्हाणे करण्याची संधी वर्षातून एकदा हमखास येते. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) दिवशी वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या सात उद्गारांच्या उपासनेला किंवा क्रूसाच्या वाटेला पूर्ण वेळ बसा आणि मुलांनाही बसवा. ईस्टरच्या खरेदीसाठी ती दुपार सोडू नका.

सावध राहा : गाऱ्हाणे आणि सौदा यांत गल्लत होते. ‘हे बरे झाले तर मी अमुक देईन’ असे बोलून झाले आणि ते बरे झाले नाही, तर माणूस देवापासून रुसून दूर जातो, कारण त्याच्या लेखी देवाने व्यवहार मोडलेला असतो. पौलाने शरीरातला काटा काढून टाकण्याविषयी तीनदा विनंती केली, बदल्यात काही देऊ केले नाही, आणि मिळाले ते उत्तर ‘माझी कृपा तुला पुरे’ असे होते. मी चौदा महिने वाचा परत येण्यासाठी मागत होते. ती आली नाही. मागितल्याचा मला पश्चात्ताप नाही.

5. माणसे जोडून ठेवा, आणि आधी आपण जाऊन बसा

गेथशेमाने बागेत येशूने पेत्र, याकोब व योहान यांना सोबत नेले आणि जागे राहण्यास सांगितले. त्याला सोबत लागली, तर आपल्याला लागणारच. सहा नावे लिहा : दोघे असे ज्यांना रात्री दोनला फोन करता येईल, एक जण जो कागदपत्रे व पैशांची धावपळ करील, एक जी मुलांना सांभाळील, पाळक, आणि एक असा मनुष्य ज्याच्यासमोर विश्वास डळमळल्याचे बोलता येईल. त्यांना तसे सांगून ठेवा. पुणे–मुंबईत नव्याने राहायला गेलेल्या कुटुंबांची येथे फार अडचण होते. दाखला गावच्या मंडळीत असतो, रविवारी जातात दुसऱ्याच उपासनेला, आणि नावाने ओळखणारे कोणीच नसते. शहरात गेल्यावर तीन महिन्यांच्या आत एका मंडळीत नाव नोंदवा आणि तिथल्या आठवड्याच्या घरगुती प्रार्थनेला जाऊ लागा.

मात्र माणसे मागून मिळत नाहीत, जाऊन मिळतात. मंडळीत कोणी आजारी असेल तर भेटायला जा आणि कमी बोला. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस व सात रात्री जमिनीवर मुकाट्याने बसून जे केले ते योग्य होते. बोलायला लागल्यावर बिघडले. ‘देवाची इच्छा’, ‘यातून चांगलेच होईल’ ही वाक्ये उच्चारू नका. डबा न्या, परत द्यावा लागणार नाही अशा भांड्यात न्या, एक स्तोत्र वाचा, वीस मिनिटांत उठा. या भेटींतून आपल्यालाच धडा मिळतो : रुग्णालयाचा वास, नळ्या, नातेवाइकांचे चेहरे यांची भीती थोडी ओसरते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र मी याच अंगाने पुन्हा पुन्हा वाचते. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती पटकीने गेले. पुढे 1896–97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुलींना व स्त्रियांना घर मिळाले. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी सांगावे लागले नव्हते. जुलै 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, आणि पुढच्या वर्षी 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. आयुष्याच्या त्या अखेरच्या पर्वातही मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठी पवित्र शास्त्र करण्याचे त्यांचे काम सुरू होते, आणि ते त्यांनी पुरे केले. एवढी दुःखे झेललेली बाई रोज सकाळी टेबलाशी बसत होती, हे चित्र मला वाईट दिवसांत उपयोगी पडले.

6. घराची निरवानिरव करा

हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा यशया संदेष्ट्याने त्याला आपल्या घराची व्यवस्था लावण्यास सांगितले. आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढला की अपशकुन मानतात. ख्रिस्ती माणसाला तसे मानण्याचे कारण नाही. फाईलमध्ये पुढील कागद ठेवा : बाप्तिस्म्याचे व विवाहाचे दाखले, मंडळीच्या सभासदत्वाची पावती (अनेक ठिकाणी दफनभूमीत जागा देताना नोंदवही पाहतात), आधार, आरोग्य विमा, बँकेतील नामनिर्देशन, मृत्युपत्र, आणि अंत्यविधीत कोणते उतारे वाचावेत व कोणती गीते गावीत याची स्वतःच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी.

मृत्युपत्राबाबत तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो (गोव्यातील कायदा वेगळा आहे). त्यानुसार मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही द्यायचे आहे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार केले तर त्याला दिलेला वाटा रद्द होतो. मृत्युपत्र केल्यानंतर लग्न झाले तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होते, नव्याने करावे लागते. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील, तर हयात पती किंवा पत्नीला एक तृतीयांश व मुलांना दोन तृतीयांश मिळते. तपशील वकिलांकडून समजून घ्यावा.

माझ्या पतींची चिठ्ठी नव्हती. वाचा गेल्यावर त्यांना विचारता येईना, आणि गीते मी अंदाजाने निवडली. चिठ्ठी लिहायला पाच मिनिटे लागतात.

7. संकट येईल तेव्हा पहिल्या आठवड्यात

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले, भाजलेली भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. म्हणून पहिल्या आठवड्यात खा आणि पाळीपाळीने झोपा. कागद काढून सहा जणांना फोन करा. पाळकांना प्रार्थनेसाठी व तेल लावण्यासाठी लवकर बोलवा. कॅथलिक घरांत आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार अगदी अखेरच्या घटकेपर्यंत लांबवतात, पण तो गंभीर आजारात कधीही घेता येतो आणि रुग्ण शुद्धीवर असताना घेतला तर त्याला धीर येतो.

प्रार्थना जमत नसेल तर इतरांना तुमच्या वतीने करू द्या आणि त्याची लाज बाळगू नका. तुम्ही फक्त पाठ असलेले म्हणा, अर्धे आठवत असेल तर अर्धे. मुलांपासून काही लपवू नका. त्यांना समजेल अशा शब्दांत खरे सांगा आणि रोजची दहा मिनिटे त्यांच्यासोबत चुकवू नका. नवे निर्णय, घर विकणे, गाव सोडणे, कर्ज काढून दूरच्या चमत्कारसभेला जाणे, या काळात टाळा.

शेवटची एक व्यवस्था आधीच करून ठेवा. पहिला महिना घर माणसांनी भरलेले असते, नंतर दार वाजत नाही, आणि खरे ओझे तेव्हा जाणवते. सहा जणांपैकी एकाला आत्ताच सांगा की तुम्ही चौथ्या महिन्यापासून या. आमच्या मंडळीतल्या एक वडीलबाई दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी येत. ‘सलाम, बाई’ म्हणून त्या खाली बसत, माझ्यासमोरची मेथीची जुडी ओढून घेत, आम्ही दोघी ती निवडत असू, आणि भाजी निवडून झाली की त्या स्तोत्र 121 आठही वचने म्हणून निघून जात.